उद्धट द्या!

“मावश्यांनो, ही काय सत्यनारायणाची आरती चाललीय का? चिडा ना जरा!”

डिरेक्टर केतन भोंग्यातून असं ओरडला आणि आम्ही सगळ्या जणी तोंडाला पदर लावून हसत सुटलो. चिडायचं तरी कसं? रविवार होता, पॅकिंग बंद होतं आणि तरी हजेरी लागणार होती. सकाळी पोह्यांवर भरपूर शेव मिळाली होती. दुपारच्या जेवणात गुलाबजाम आहेत, ही बातमी कुणीतरी आचाऱ्याकडून काढून आणली होती. अशा दिवशी माणूस चिडत नाही.

काम होतं मोर्चा काढायचं, म्हणजे जाहिरातीतला मोर्चा. हातात फलक घेऊन आम्ही कारखान्यात घुसायचं. काचेच्या केबिनमध्ये टाय घातलेला एक साहेब बसलेला असणार, त्याच्यावर मुठी उगारायच्या आणि ओरडायचं, “ऐकून घेणार नाही! आता उद्धट!” केबिन पुठ्ठ्याची होती. साहेब म्हणजे नाटकात कामं करणारा एक बारकासा गृहस्थ होता, त्याला टाय इतका घट्ट झाला होता की तो सारखा मान वळवत होता. खऱ्या काय त्या आम्हीच. भाड्याची गर्दी आणण्यापेक्षा आपल्याच पॅकिंगच्या बायका उभ्या कराव्यात, असं कुणाच्या तरी डोक्यातून निघालं होतं.

आम्ही हौसेनं ठेवणीतल्या साड्या नेसून गेलो होतो. केतननं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “लग्नाला आलात का?” मग सगळ्यांना रोजचे निळे एप्रन घालायला लावले. एक मुलगी बाटलीनं आमच्या तोंडावर पाणी फवारत फिरली. घाम दिसायला हवा म्हणे. आम्हाला घाम यायला आजवर कधी बाटली लागली नव्हती, पण म्हटलं, असेल त्यांच्यात पद्धत.

उद्धट हे चिप्सचं नाव. ज्वारीचे चिप्स, काळं पाकीट, त्यावर मूठ आवळलेला हात आणि त्या मुठीत एक चिप. खाली लिहिलेलं, “कोणाच्या बापाला घाबरत नाही.” सणसवाडीच्या आमच्या कारखान्यात भिंतीभिंतीवर असली वाक्यं रंगवलेली होती. दारातच मोठ्या अक्षरात होतं, “इथे साहेब कोणीच नाही.” आणि ते नुसतं लिहिलेलं नव्हतं, पाळावंही लागायचं. मालकाचं नाव ईशान. वय असेल तिशीच्या आतबाहेर, फाटक्या गुडघ्याची पँट, कानात बाळी, बोलायला गोड. त्याला ‘सर’ म्हणायचं नाही, ‘अहो’ म्हणायचं नाही. ‘अरे ईशान’ म्हणायचं. चुकून ‘सर’ निघालं तर सगळ्यांसमोर गाणं म्हणायची शिक्षा. मला एकदा म्हणावं लागलं. मी आईची एक ओवी म्हटली, तर ईशाननं डोळे पुसले आणि त्याचा व्हिडिओ काढून कुठेकुठे टाकला.

आता पगार देणाऱ्याला ‘अरे’ कसं म्हणायचं? आमची जीभ वळायची नाही. मग आम्ही एक युक्ती काढली होती. त्याच्याशी बोलताना नावच घ्यायचं नाही आणि ‘तू’ही नाही, ‘तुम्ही’ही नाही. “मशीन बंद पडलंय, जरा बघितलं जाईल का?” “चहा आणलाय, घेतला जाईल का?” असं आकाशाकडे बघून बोलायचं. त्याला वाटायचं, या बायका किती मोकळ्या झाल्यात.

मी, उज्ज्वला टेमगिरे, तेव्हा पॅकिंगच्या लाइनीवर सगळ्यात जुनी. बारावी झालेली, त्यामुळे बायकांच्या वतीनं बोलायचं काम आपोआप माझ्याकडे यायचं. आणि बोलण्यासारखं तेव्हा एकच होतं. लाइनीवर बसायला काही नव्हतं. पाकिटं येत राहायची, आम्ही उभ्यानं खोक्यात भरत राहायचो, जेवणाची सुट्टी सोडली तर पाठ टेकायची नाही. दुपार झाली की बायकांच्या घोट्यांवर चपलेच्या पट्ट्याचे वळ उठायचे. आधीच्या बिस्किटाच्या कंपनीत स्टुलं होती. तिथला साहेब टाय घालायचा आणि शिव्याही द्यायचा, पण स्टुलं होती.

मी ईशानकडे दोनतीनदा गेले होते. तो स्वतः उभ्यानं काम करायचा. त्याचं टेबलच छातीइतकं उंच होतं.

“उज्ज्वला, मीसुद्धा उभाच असतो ना?” तो म्हणाला होता. “बसून बसून माणसं मरतात, डॉक्टर सांगतात. पण तू येऊन भांडलीस, हे मला जाम आवडलं. अशीच भांडत राहा.”

तो दमला की कोपऱ्यातल्या गादीवर आडवा व्हायचा, हे मी बोलले नाही. भांडल्याबद्दल शाबासकी घेऊन परत आले. पाठीवर थाप मिळाली की माणसाला मुद्दा सुटल्याचं पटकन कळत नाही.

सगळ्यात हाल होते दीपमालाचे. तिला सातवा महिना होता. शिक्रापूरहून यायची, नवऱ्याचा टेम्पो, घरात सासूचा शब्द चालायचा. सासूनं मुळात नोकरीलाच परवानगी नको नको करत दिली होती. दीपमालाला आठव्यापर्यंत काम करायचं होतं आणि बाळ जरा मोठं झालं की परत यायचं होतं. “ताई, एकदा सुटलं ना, की आत्या मला पुन्हा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायच्या न्हाईत,” असं ती म्हणायची. म्हणून रजा घेत नव्हती, तक्रार करत नव्हती. एक पाय उचलून दुसऱ्यावर भार द्यायची आणि थोड्या वेळानं पाय बदलायची.

त्या रविवारीही ती आली होती. मी म्हटलं होतं, “अगं, कशाला आलीस?” तर म्हणाली, “न आलेलीचं नाव ध्यानात ऱ्हातं.”

तर, आमचा मोर्चा काही केल्या चिडत नव्हता. केतननं तेच आठदहा वेळा करायला लावलं. आम्ही घुसायचो, मुठी उगारायचो आणि मधेच कुणीतरी फिसकन हसायचं. ऊन चढलं. गुलाबजाम लांबले. शेवटी केतन भोंगा टाकून आमच्यात आला आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, “हे बघा, ते वाक्य विसरा. आवाज आम्ही नंतर टाकणार आहोत. तुम्हाला खरंच ज्या गोष्टीचा राग येतो ना, ती ओरडा. नवऱ्यावर, सासूवर, कुणावर पण. मला फक्त चेहरे द्या.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी मागे वळून पाहिलं तर दीपमाला फलकाची काठी जमिनीत रोवून तिच्यावर भार टाकून उभी होती. बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर कुणी मारलं नव्हतं, तरी तोंड ओलं होतं.

“ॲक्शन!” केतन ओरडला.

आणि मी ओरडले, “बसायला द्या!”

ठरवलं काहीच नव्हतं. तोंडातून निघालं. माझ्या पाठोपाठ कुणीतरी म्हटलं, “स्टूल द्या!” मग जे काही सुरू झालं ते मला आजही आठवतं. “बसायला द्या! पाय सुजलं, बसायला द्या!” चाळीसेक बायका. आम्ही पुठ्ठ्याच्या केबिनवर जाऊन आदळलो, काच थरथरली. टायवाला खुर्ची सोडून मागे सरकला. त्या बिचाऱ्याच्या चेहऱ्यावरचा घामही आता बाटलीतला नव्हता. मग माझं लक्ष कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या ईशानकडे गेलं. मी त्याच्याकडे वळले, आणि लाइनीतली सगळ्यात जुनी बाई वळली म्हणून सगळ्या वळल्या.

“बसायला द्या!”

दीपमाला सगळ्यांच्या पुढे येऊन माझ्या खांद्याला खांदा लावून ओरडत होती. एवढासा आवाज असलेली पोर, पण तिचा आवाज त्या दिवशी वेगळा कळून येत होता. मग तीच खाली बसली. सरळ फरशीवर, पाय लांब करून. तिच्याशेजारी मी बसले. बघता बघता सगळा मोर्चा खाली बसला.

केतन कॅमेरावाल्याला हातानं खुणावत होता, चालू ठेव, चालू ठेव.

ईशान पुढे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी खोटं सांगत नाही. त्यानं दोन्ही हातांवरचे उभे राहिलेले केस आम्हाला दाखवले.

“काय आहात यार तुम्ही!” तो म्हणाला. “हेच. हेच तर उद्धट आहे!”

“मग स्टुलं मिळनार का?” दीपमालानं खालूनच विचारलं. बाकी आम्ही सगळ्या आकाशाकडे बघून बोलणाऱ्या, पण ती त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, “सांग की रं, ईशान.”

मग ईशान मोठ्यानं हसला. “मिळणार! या आठवड्यात. प्रॉमिस!”

कसला गलका झाला म्हणून सांगू! बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मी दीपमालाला हाताला धरून उठवलं, तर ती हसत हसत रडायला लागली. तेवढ्यात केतननं टायवाल्याच्या हातात पाकिटांचं खोकं दिलं, “वाट, वाट, सगळ्यांना वाट!” आणि त्यानं केबिनमधून बाहेर येऊन आम्हाला चिप्सची पाकिटं वाटली. आम्ही ती तिथेच फोडून खाल्ली. एकमेकींच्या तोंडात घातली. आपणच भरलेली पाकिटं, पण चव घेऊन कधी खाल्ली नव्हती. छान लागली.

त्या दिवशी घरी जाताना मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, “आज आम्ही जिंकलो.” माझ्या आयुष्यात हे वाक्य मी तेवढं एकदाच बोलले असेन.

दुसऱ्या दिवशी फाटकावर ठेकेदाराचा माणूस उभा होता. आम्ही सगळ्या कंपनीत काम करायचो, कंपनीचे एप्रन घालायचो, पण नावं ठेकेदाराकडे होती. त्या माणसानं दीपमालाला बाजूला घेतलं, आणखी सात जणींना घेतलं. पुढे बसलेल्या त्याच होत्या. “तुमचं काम संपलं. हिशेब खात्यात येईल,” एवढंच बोलला. दीपमाला पहिल्यांदा त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता माझं नाव घेईल. सुरुवात तर मीच केली होती. पण तो म्हणाला, “टेमगिरे ताई, तुम्ही आत जा.”

मी आत गेले, पण लाइनीवर नाही, ईशानच्या उंच टेबलाकडे गेले. त्या दिवशी मी आकाशाकडे बघितलं नाही.

“आठ जणींना का काढलं?”

“उज्ज्वला, मला आत्ताच कळलं. मी स्वतः शॉकमध्ये आहे.”

“मग परत घ्या त्यांना.”

“घ्या नाही, घे,” तो हळूच म्हणाला. मग सुस्कारा सोडून बोलू लागला. “हे बघ, तो ठेकेदाराचा निर्णय आहे. मी त्याला हुकूम कसा देणार? मी साहेब आहे का? आपण इथे साहेबगिरी मोडून काढली ना? मग मीच जर वरून ऑर्डर सोडायला लागलो, तर मग फरक काय राहिला?”

मी दारावरचं वाक्य रोज वाचत होते. त्याचा असाही उपयोग होतो, हे मला त्या दिवशी समजलं. बिस्किटाच्या कंपनीत निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते माहीत होतं.

“दीपमालाला सातवा महिना आहे,” मी म्हटलं.

“तिनं आत्ता आरामच करायला हवा,” तो म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आणि ऐक. तू इथेच पाहिजेस. तुझ्यासारखी भांडणारी बाई मला लाइनीची कॅप्टन म्हणून हवी आहे. आजपासून.”

कॅप्टन म्हणजे देखरेख. कॅप्टनला खुर्ची होती.

मी नको म्हटलं नाही. माझ्या दोन मुली शाळेत होत्या, हे खरं. पण खरं त्याहून वेगळंही आहे. मला बरं वाटलं. आतून कुठेतरी वाटलं की, आपल्यात काहीतरी आहे म्हणून आपल्याला ठेवलं. आपलं काम, आपला आवाज, आपली हिंमत. आणि कॅप्टन झाले तर उद्या दीपमालाला परत घेता येईल, अशीही मी मनाची समजूत घातली. समजूत घालायला काय, मन तयारच असतं.

स्टुलं आली. उंच, काळी, वर मूठ छापलेली, तीन. ती दारात ठेवली, पाहुणे त्यावर बसून फोटो काढायचे.

महिन्याभरात क्रिकेटचे सामने सुरू झाले आणि जाहिरात टीव्हीवर आली. आमच्या घरी शेजारपाजारचे जमले होते. नवऱ्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. षटक संपलं आणि पडद्यावर मी आले. एकदम जवळून, अख्ख्या पडद्याएवढी. कपाळाची शीर ताठलेली, डोळे लाल. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आणि पडद्यावर मी तोंड उघडलं.

“उद्धट द्या!”

आवाज माझा नव्हता. कुणातरी तरण्या मुलीचा होता, ठसकेबाज. पण ओठ माझे होते आणि ‘द्या’ला ते नेमके जुळत होते. मागून चाळीस बायका मुठी उगारत ओरडल्या, “उद्धट द्या! आम्हाला द्या!” दीपमाला माझ्या खांद्याला खांदा लावून, गळ्याच्या शिरा ताणून चिप्स मागत होती. मग आम्ही सगळ्या फरशीवर बसलो, चिप्ससाठी हट्ट धरून. टायवाला साहेब घाबरला आणि त्यानं पाकिटं वाटली. आम्ही मिठ्या मारल्या, एकमेकींना भरवलं. दीपमाला हसत हसत रडली. मग काळा पडदा आणि अक्षरं आली, “मागू नका. हिसकावून घ्या.”

मला कशासाठी ठेवलं होतं, ते तेव्हा कळलं. पडद्यावर सगळ्यात मोठं तोंड माझं होतं. ते तोंड दुसरीकडे कुठे काही बोलू नये, म्हणून त्याला खुर्ची दिली होती. आणि मी तिला हिंमतीचं बक्षीस समजून बसले होते! अंगाला घाण लागावी आणि चारचौघांत ती पुसताही येऊ नये, तशी लाज वाटली मला. शेजारणी म्हणत होत्या, “काय भारी केलंस गं! पुन्हा एकदा म्हण ना!” नवराही म्हणाला, “म्हण की.” मी चहाचं निमित्त करून आत गेले आणि गॅस न पेटवताच ओट्याशी उभी राहिले.

लोकांनी जाहिरात उचलून धरली. पोरं बसस्टँडवर ओरडायची, भाजीवाले ओरडायचे. मी दिसले की लोक खूश व्हायचे.

एक दिवस दीपमालाचा फोन आला. आवाज दबका होता.

“ताई, एकदा घरी याल का? तुम्ही सांगितलं तर ऐकतील. आत्या म्हनतात, चिप्ससाठी तमाशा केला म्हनून हाकलली हिला. गावात हसं झालं म्हनतात. आता बाळ झाल्यावरबी कुठं कामाला जायचं नाव काढायचं न्हाई म्हनतात. बिस्किटाच्या कंपनीत जागा निघतीय ओ ताई, स्टुलं हायेत तिथं. ह्यांनाबी पटंना माझं. तुम्ही निस्तं खरं काय झालं ते सांगा.”

“येते,” मी म्हटलं. एवढं तरी माझ्या हातात होतं. खरं सांगायचं होतं, त्यात अवघड काय?

मी ओटीचं सामान घेऊन गेले. नारळ, तांदूळ, खण, पाच फळं. तिची सासू दारातच उभी होती. ठणठणीत बाई, कुंकू मोठं. मला बघताच तिचा चेहरा उजळला.

“या या! आवं, टीव्हीतल्या बाई आल्या! ए शेवंता, ए पारू, इकडं या गं, बघा कोन आलंय!”

बघता बघता दारात आठदहा बायका गोळा झाल्या. मी दीपमालाची ओटी भरली. आठवा लागला होता. ती नमस्काराला वाकू लागली, मी तिला धरलं. तिनं माझं मनगट जरा जास्तच दाबून धरलं. तिचा नवरा भिंतीला टेकून फोन बघत उभा होता.

मी उगीच आढेवेढे घेतले नाहीत. “मावशी, मी मुद्दाम सांगायला आलेय. दीपमालानं काही वेडंवाकडं केलेलं नाही. आम्ही चिप्स मागत नव्हतो. बसायला स्टुलं मागत होतो. तिच्यासारखीला उभं राहणं होत नव्हतं, म्हणून.”

सासूनं कपाळाला आठी घातली. “मग टीव्हीत खोटं दाखवत्यात व्हय?”

“आवाज नंतर बदलला त्यांनी.”

“तोंड तुमचं, आन् आवाज दुसऱ्याचा?” तिनं दारातल्या बायकांकडे पाहिलं. त्या हसल्या. “आसं कुठं आसतंय का बाई? आमी काय अडानी हाय म्हनून?”

“देवाशपथ सांगते. आम्ही स्टुलं मागितली, म्हणून या आठ जणींना काढलं.”

सासूनं मान हलवली. मला वाटलं, पटतंय. मग तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि साधेपणानं विचारलं, “आन् तुमाला न्हाई काढलं ते?”

मी पदर सारखा केला.

“तुमी तर समद्यांच्या म्होरं हुतात. तुमीच पयल्यांदा वरडलात, टीव्हीत दिसतंय की. मग आमच्या सुनंला काढलं, आन् तुमाला ठिवलं?”

“ह्या बाईंना कॅप्टन केलंय,” नवरा फोनमधून मान वर न काढता म्हणाला. “मागच्या म्हैन्यात. दीपाच म्हनली.”

“बघा!” सासू म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. तिला सरळ हिशेब दिसत होता. स्टुलं मागितली म्हणून काढत असते, तर पहिली मागणारी खुर्चीवर कशी बसली असती? मला उत्तर ठाऊक होतं. पण ते सांगायचं म्हणजे या सगळ्या बायकांपुढे म्हणायचं, की माझं तोंड त्यांना विकत घ्यायचं होतं आणि मी ते दिलं. मला इतकी लाज वाटली, की दीपमालाकडे बघवेना.

“जाऊ द्या ते,” सासूच म्हणाली. पाहुणीला तोंडघशी पाडलं, असं तिला वाटलं असावं. “आता आल्याच हायसा तर एकदा म्हनून दावा. ह्या बाया मघापास्नं थांबल्यात.”

“नको मावशी.”

“म्हना की ओ! एवढं काय!”

बायका दारातून गळ घालू लागल्या. मी विचार केला, बाईचं मन राखलं तर ती मऊ होईल, मग पुन्हा समजावता येईल. असलेच विचार सुचतात माणसाला. मी मूठ वर केली आणि म्हटलं, “उद्धट द्या!”

टाळ्या पडल्या. आतल्या खोलीतनं आणखी दोघी धावत आल्या.

“दीपे, तू बी म्हन की!” सासू आता खुशीत आली होती. “तू बी व्हतीस ना शेजारी!”

दीपमाला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं सासूकडे बघितलं नाही, नवऱ्याकडे नाही. माझ्याकडे बघून, त्या रविवारच्या आवाजात ती ओरडली,

“बसायला द्या!”

नवऱ्यानं पहिल्यांदाच फोनमधून डोकं वर काढलं.

आणि मग सासूला हसू फुटलं. मनापासूनचं, लेकराच्या बोबड्या बोलाला यावं तसं. “अगं येडे, आसं न्हाई ते! तुला तुझंच वाक्य ध्यानात न्हाई? म्हनूनच काढलं आसंल तुला!” दारातल्या बायका हसल्या. नवराही हसला. “आवं बाई,” सासू माझ्याकडे वळली, “सांगा बरं हिला, बरोबर काय हाय ते.”

दीपमाला हसली नाही. ती वाट बघत होती. तिला फोनवर मी ‘येते’ म्हटलं होतं ते याच एका क्षणासाठी.

मी उठले. ठरवलं, आता होईल ते होवो. हीच बरोबर बोलतेय, असं सांगायचं, खुर्चीचंही सांगायचं, सगळं सांगायचं. मी त्या बायकांच्या समोर उभी राहिले आणि तोंड उघडलं.

माझं तोंड उघडलेलं दिसलं मात्र, दारातल्या सगळ्या बायका हसत, मुठी उगारून, एका सुरात ओरडल्या, “उद्धट द्या!”